घरची भाजी, घरची अंडी: मराठवाड्यातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपरिषदेत तक्रारीच्या टेबलावर माझी सतरा वर्षं गेली. निवृत्तीनंतर गच्चीवर भाजी केली, परसात चार कोंबड्या आणल्या, आणि टेबलाची दुसरी बाजूही कळली. लग्नात पंगतीला बसलं तरी शेजारचा हळूच विचारतो, 'साहेब, घरी कोंबड्या ठेवल्या तर चालतं का हो?' असे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्या सतरा वर्षांत 'अमक्यानं भाजी लावली' अशी तक्रार एकही आली नाही. आल्या त्या ओलीच्या, वासाच्या, आवाजाच्या, माशांच्या आणि अडवलेल्या रस्त्याच्या. प्रकरण कोर्टात गेलं तर वकील गाठा, मी वकील नाही.

१. स्वतःच्या घराच्या जागेत भाजीपाला लावायला कुणाची परवानगी लागते का?

नाही. 'एनए झालेल्या प्लॉटवर काही पिकवता येत नाही' हा गैरसमज फार पसरला आहे. एनए म्हणजे त्या जागेचा बिगरशेती वापर करायला मिळालेली मुभा. मेथी-शेपूचा वाफा घातला म्हणून ती मुभा जात नाही आणि दंडही होत नाही. गावठाणातल्या घराला तर एनएचा प्रश्नच येत नाही. खेड्यात नमुना नंबर ८ चा उतारा आणि शहरात पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक) किंवा खरेदीखत जवळ असू द्या. भाजीसाठी ते कुणी मागत नाही, पण हद्दीचं भांडण निघालं तर कामाला येतं.

अडचण होते ती मार्जिनच्या जागेत. घराभोवती सोडलेल्या मोकळ्या पट्टीत वाफे, कुंड्या, दोडक्याचा मांडव हे सगळं चालतं. तिथेच विटा रचून वर पत्रे टाकले की ते बांधकाम ठरतं. मग नोटीस येते ती बांधकामाची, आणि लोक सांगत सुटतात की भाजी लावली म्हणून नोटीस आली.

२. अमेरिकेत घरी अन्न पिकवण्याचा हक्कच कायद्यात लिहिलाय म्हणे. आपल्याकडे तसं काही आहे का?

तिकडे तशी वेळ आली म्हणून लिहिला. फ्लोरिडात घरासमोर हिरवळच हवी, भाजी नको, असे स्थानिक नियम होते. त्यावरून खटले झाले आणि २०१९ साली राज्यानं कायदा करून अशा बंदीला आळा घातला. मेन या राज्यात २०२१ साली मतदारांनी अन्नाचा हक्क थेट राज्यघटनेत घातला. आपल्याकडे दारात वांग्याचं झाड दिसलं म्हणून कुणी दंड करत नाही, उलट दोन वांगी मागतात. संविधानाच्या अनुच्छेद ३०० अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय तुमच्या मालमत्तेवरून तुम्हाला हटवता येत नाही. तुमच्या जागेचा वापर रोखायचा असेल तर अडवणाऱ्यानं नियम दाखवायला हवा. 'आमच्या कॉलनीत चालत नाही' हा नियम नव्हे.

३. घर गुंठेवारीत आहे, बाँडपेपरवर घेतलेलं. परसबाग केली तर अडचण वाढेल का?

परसबागेनं वाढणार नाही. गुंठेवारी म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट. गुंठेवारीचा २००१ चा कायदा प्लॉट आणि बांधकाम नियमित करण्यासाठी आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. नियमित करून घेण्याआधी गोठा किंवा शेड मात्र वाढवू नका. मोजणीत तेही धरलं जातं.

४. परसबाग आहे म्हणजे मी शेतकरी झालो का? शेतजमीन घेता येईल का?

नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे शेतजमिनीला इथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. पुण्याकडच्या पाहुण्यानं सांगितलेलं कलम इथे जसंच्या तसं बसत नाही, हे नोंदणी कार्यालयात गेल्यावर कळतं. शेतकरी असल्याचा पुरावा सातबाऱ्यावरून निघतो, गच्चीवरच्या टोमॅटोवरून निघत नाही. आयकराचंही बघा: दुधाचं आणि कोंबड्यांचं उत्पन्न हे शेतीचं करमुक्त उत्पन्न धरलं जात नाही. बियाण्याच्या बाबतीत 'शेतकरी' शब्दाचा अर्थ वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

५. गच्चीवर फूटभर माती टाकून वाफे केले तर?

करू नका. यावर मी जरा लांब लिहिणार आहे.

माणसं जातात-येतात अशा आरसीसी गच्चीसाठी भारतीय मानकात स्लॅबच्या स्वतःच्या वजनाशिवाय धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे, म्हणजे चौरस फुटाला अंदाजे १४ किलो. फूटभर जाडीचा ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. म्हणजे तिपटीहून जास्त. आपली काळी माती तर पाणी धरून बसते, फुगते, आणि उन्हाळ्यात तडकली की त्या भेगांतून पाणी सरळ स्लॅबवर जातं.

ज्यांचं घर माळवदाचं आहे त्यांनी तर वर आणखी मातीचा विचारही करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको. दगडी भिंती आणि वर मातीचं जड छत, त्याखाली झोपेतली माणसं गेली. माळवदावर कुरडया वाळवा, पापड वाळवा, वाफे नकोत.

मग गच्चीवर करायचं कसं? कुंड्या आणि पिशव्या वापरा. त्यात एक भाग माती, एक भाग शेणखत, आणि उरलेलं कोकोपीट किंवा सोयाबीनचं कुजवलेलं भुसकट घाला. आमच्याकडे शेंगा काढल्यावर भुसकटाचे ढीग पडलेले असतात, ते कुजवून घेतलं की पिशवी एका हातानं सरकते. जड कुंड्या भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध कधीही नाही. कुंडीखाली दोन विटा द्या, म्हणजे खाली हवा खेळते आणि ओल कुठे मुरते ते दिसतं. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं, तेही याच हिशेबात धरा. घर जुनं असेल तर इंजिनिअरला एकदा गच्चीवर न्या. त्याची फी स्लॅब दुरुस्तीपेक्षा कमीच असते.

६. अपार्टमेंटची गच्ची आहे. माझा फ्लॅट सर्वात वरचा. गच्ची माझीच ना?

बहुतेक वेळा नाही. गच्ची सामाईक असते. खरेदीखतात लिहिलेलं असो वा नसो, 'बिल्डरनं तोंडी दिली होती' याला किंमत नाही. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, आणि ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: कोणता भाग, किती कुंड्या, आणि गळती झाली तर खर्च कोणाचा. गच्चीतून पावसाचं पाणी गळलं तर दुरुस्ती एरवी सोसायटीची असते. तुमच्या कुंड्यांमुळे गळलं असं ठरलं की सोसायटी बोट तुमच्याकडे दाखवणार. वजनासाठी प्रश्न ५.

७. बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. ते म्हणतात कुंड्याच काढा.

त्यांची तक्रार पाण्याची आहे, उपाय पाण्याचाच करा. कुंडीखाली ताटली ठेवा, पाणी सकाळी लवकर आणि थोडं घाला. ग्रिलच्या बाहेर लोंबणाऱ्या कुंड्या मात्र आत घ्याच. डोक्यावर पडली तर कुठलाही हक्क वाचवणार नाही.

८. आम्ही भाड्यानं राहतो. अंगणात लावलं तर घरमालक काढू शकतो का?

कुंडीतल्या झाडासाठी काढणं कठीण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये घर खाली करून घेण्याच्या कारणांत लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं आणि शेजाऱ्यांना उपद्रव देणं ही दोन कारणं आहेत. म्हणून कोंबड्यांचं विटांचं खुराडं बांधू नका, लाकडी किंवा जाळीचं उचलता येणारं करा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर करारात काय लिहिलं आहे ते वाचा. आणि लिंबाचं झाड जमिनीत लावलं तर जाताना ते तिथेच राहणार, हे आधीच मनाशी ठरवा.

९. नळाचं पाणी भाजीला घातलं तर चालतं का? आणि नळाला पाणीच नसेल तर काय करावं?

एरवी घरगुती वापरात ते बसतं. नळाच्या लाइनला थेट मोटार लावणं कधीच चालत नाही, आणि टंचाईत पालिका बागेच्या वापरावर बंदी घालू शकते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 'जलदूत' नावाच्या त्या गाडीच्या पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर आलं. त्या दिवसांत नळाच्या पाण्यानं पालक भिजवायला कुणाचं मन झालं नसतं. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं आणि भाज्या धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जायचं, तो जगला. आंघोळीचं पाणी केळीला आणि अळूला देतात ते आपल्याकडे जुनंच आहे. कच्च्या खायच्या भाजीला, कोथिंबिरीला, ते देऊ नका.

खरं पाणी छतावर पडतं. १००० चौरस फुटांच्या छतावर ६५० मिलिमीटर पावसात सुमारे ६०,००० लिटर पडतं. वाया जाणारं सोडलं तरी ४८,००० हाती लागतं. दिवसाला १०० लिटर धरले तर वर्षभराहून जास्त पुरेल एवढं. गोम साठवणीत आहे. हजार लिटरची टाकी १४ मिलिमीटरच्या एका सरीतच भरते, पुढचं सगळं गटारात. म्हणून टाकीचं जादा पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम असेल तर पाऊसपाणी साठवण नियमानंच करावी लागते.

१०. बागेसाठी नवा बोअर घेऊ का?

आधी जवळ सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर आहे का ते बघा. अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घेण्यावर भूजल कायद्यानं निर्बंध आहेत, परवानगी लागते. बोअरच्या गाडीचीही नोंदणी असावी लागते. दहा कुंड्यांसाठी पाचशे फूट खाली जायचं हे मला तरी पटत नाही.

११. ओला कचरा घरीच कुजवला तर शेजारी तक्रार करू शकतात का?

कुजवल्याची नाही, वासाची करू शकतात. २०१८ साली छत्रपती संभाजीनगरात कचऱ्याची कोंडी झाली, गल्लोगल्ली ढीग साचले. तेव्हापासून घरचा ओला कचरा घरीच जिरवणाऱ्याला पालिका कधी नाव ठेवत नाही. भाजीच्या देठांवर तेवढाच कोरडा पाला टाकत जा, उष्टं आणि मांस-मच्छी घालू नका, वास येत नाही. खेड्यात उकिरडा आडाजवळ किंवा हापशाजवळ नको. ग्रामपंचायत तो हलवायला लावू शकते.

१२. शेजारच्या आंब्याच्या फांद्या आमच्या अंगणात आल्यात. आंबे कोणाचे?

झाड ज्याचं त्याचे आंबे. फांदी तुमच्या हद्दीत आली तर हद्दीपर्यंत छाटायचा तुम्हाला अधिकार आहे, पण त्यांच्या आवारात पाय न टाकता, आणि छाटलेलं लाकूडही त्यांचंच. शहरात सरसकट छाटणी करून झाडाचं नुकसान केलं तर प्रश्न १३ चा कायदा लागतो. आधी एक शब्द बोलून घ्या. आपल्याकडे ज्याच्या अंगणात आंबा गळतो तो ते खातो, आणि पाडाच्या वेळी मालक पाटीभर आणून देतो. तो रिवाज मोडून कलमं काढण्यात काही शहाणपण नाही.

१३. माझ्याच अंगणातलं, मीच लावलेलं झाड तोडायला परवानगी कशाला?

इथे लोक सर्वात जास्त चिडतात. नागरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. झाड खासगी जागेत असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खेड्यात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, आणि त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस आहेत. म्हणजे परसातला म्हातारा आंबाही त्यात आला. रोप लावताना घराच्या पायापासून अंतर ठेवा. भिंतीला मुळं लागली की मग परवानगीच्या अर्जांत दिवस जातात.

१४. घरासमोर रस्त्याच्या कडेला शेवगा लावला. तो माझा ना?

जागा पालिकेची, म्हणून झाडही पालिकेचं. शेंगा शेजारी तोडून नेतील, तुम्ही काही म्हणू शकणार नाही. रस्ता रुंद होताना भरपाईही मिळत नाही, आणि तोडायचं झालं तर परवानगी लागतेच (प्रश्न १३). गटारावर फरशी टाकून केलेला वाफा तर सरळ अतिक्रमण.

१५. घरी लावताच येत नाही असं काही आहे का?

दोन झाडं पक्की ध्यानात ठेवा: गांजा आणि अफू. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात दोन्हींच्या लागवडीला बंदी आहे, कुंडीत एक झाड असलं तरी. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. 'भांगेची पानं गांजा नाहीत' असा युक्तिवाद लोक करतात. पानांचं काहीही असो, झाड लावणं हाच गुन्हा आहे.

खसखशीत लोक फसतात. किराणा दुकानातली खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. कुणी हौसेनं कुंडीत टाकतं, सुंदर फूल येतं, फोटो काढून सगळीकडे पाठवला जातो. बीड जिल्ह्यात २०१२ साली अफूची मोठी लागवड पकडली गेली, तेव्हापासून आपल्या भागात पोलीस यावर बारीक लक्ष ठेवून असतात. खसखस खिरीत घाला, मातीत नको.

१६. 'मराठवाडा केसर' आंब्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. मग घरी केसरचं कलम लावता येणार नाही?

खुशाल लावा. जीआय हा नाव वापरून विकण्याबद्दल आहे, झाड लावण्याबद्दल नाही. बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी यांचंही तेच. विकताना पेटीवर ते नाव छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

१७. बियाणं घरीच धरून शेजाऱ्यांना वाटलं तर कंपनी काही करू शकते का?

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवायला, पेरायला, बदलायला, वाटायला आणि विकायलाही मुभा आहे. संरक्षित वाणाचं बियाणं त्याच्या ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही. या कायद्यापुरता स्वतः जमीन कसून पीक घेणारा तो शेतकरी, त्याला सातबाऱ्याची अट नाही. अंबाडी, चुका, वाल, घोसाळी यांचं बी धराच, बाजारात चांगलं मिळत नाही. संकरित टोमॅटोचं धरलं तर पुढच्या वर्षी वेगळंच काहीतरी उगवतं.

१८. शहरात घरी चार कोंबड्या ठेवल्या तर चालतं का?

पंगतीतला प्रश्न तो हाच. महानगरपालिका कायद्यात परवान्याची अट आहे ती विक्रीसाठी, भाड्यानं देण्यासाठी किंवा दूध विकण्यासाठी ठेवलेल्या चारपायी जनावरांना. डुकरांना तर स्वतंत्र लेखी परवानगी लागते. घरच्या खाण्यापुरत्या चार कोंबड्या त्या कलमात येत नाहीत. तुमच्या पालिकेचे उपविधी तेवढे प्रभाग कार्यालयात बघून घ्या. घाण आणि उपद्रवाची कलमं मात्र दोन पायांच्या प्राण्यांनाही लागू आहेत.

तक्रार येऊ नये यासाठी जे करायचं ते सोपं आहे. खुराड्यात कोंबडीमागे किमान दोन-तीन चौरस फूट जागा. खाली भुसकटाचा तीन-चार बोटं थर, तो आठवड्यातून एकदा हलवायचा आणि ओला झाला की काढायचा. खुराडं शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब. रात्री दार बंद, नाहीतर मुंगूस किंवा मांजर काम करून जातं. दिवसा डालग्याखाली तासन्तास कोंडून ठेवू नका. उन्हाळ्यात ४२ अंशांत डालग्याखाली कोंबडी मरते, आणि ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसतं.

१९. शेजारी म्हणतात कोंबडा पहाटे चारला आरवतो. काय करू?

कोंबडा काढा. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, पिल्लांसाठी लागतो. शंभरातल्या नव्वद तक्रारी तेवढ्यानंच मिटतात.

२०. शेळी किंवा गाय पाळायची आहे.

खेड्यात ग्रामपंचायतीच्या स्वच्छतेच्या नियमांत राहून पाळा. शहरात, प्रश्न १८ च्या उत्तरात आहे तसं, दूध विकलं की परवाना लागतो. त्याशिवाय नागरी क्षेत्रातल्या गुरांसाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे आणि तो लागू असलेल्या शहरांत गुरं ठेवायलाच परवाना लागतो. जनावर रस्त्यावर मोकळं सोडणं कुठेच चालत नाही, कोंडवाड्याचा खर्च तुमच्यावर.

घरासाठी माझं मत उस्मानाबादी शेळीला. आपल्याच मातीतली, काळी, काटक, बऱ्याचदा जुळी देते. देवणी गाय देखणी खरी, लाल कंधारीही, पण दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर गाय बांधून तिचे आणि शेजाऱ्यांचे दोघांचेही हाल होतात.

२१. बर्ड फ्लू आला तर माझ्या घरच्या कोंबड्याही मारतील का?

बाधित क्षेत्रात आल्या तर हो. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला, आणि आसपासच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट केले गेले. त्यात शेडवाला आणि परसवाला असा फरक करत नाहीत. २००९ च्या प्राणी रोग नियंत्रण कायद्यानं तो अधिकार दिला आहे. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर पुरून टाकून गप्प बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.

२२. मधपेटी ठेवता येते का?

येते. पाळायच्या त्या सातेरी किंवा मेलीफेरा, आग्या मोहोळाच्या नादी लागू नका. पेटीचं तोंड रहदारीकडे नको आणि जवळ पाणी ठेवा, नाहीतर माश्या शेजारच्या हौदावर जातात. निष्काळजीपणानं प्राणी ठेवून कुणाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागू शकतं. आणि शेतातलं उरलेलं औषध भाजीवर मारू नका. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर बंदीच आहे, आणि माश्याही त्यानं जातात.

२३. शेतात सापडलेली तितराची पिल्लं वाढवली तर?

गुन्हा आहे. तितर, लाव्हा, रानससा, पोपट हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात. पाळीव ससे वेगळे, ते चालतात.

२४. घरचा बोकड घरीच कापला तर?

महानगरपालिका हद्दीत विक्रीसाठी चारपायी जनावर कत्तलखान्याबाहेर कापता येत नाही. सणासुदीला पालिका तात्पुरत्या जागा ठरवून देते, तिथे जा. गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला मार्च २०१५ पासून राज्यात पूर्ण बंदी आहे, गायीला तर त्याआधीपासूनच.

२५. उरलेली भाजी, अंडी, लोणचं विकलं तर लायसन्स लागतं का?

शेजाऱ्याला वाटीभर देणं हा व्यापार नव्हे. पिकवणाऱ्यानं आपला माल नैसर्गिक रूपात विकला, म्हणजे जुड्या बांधून मेथी विकली, तर अन्न सुरक्षा कायदा त्याला धरत नाही. लोणचं घातलं, शेवग्याच्या पाल्याची पूड केली, दुधाचं पनीर केलं की तो अन्न व्यवसाय झाला. उलाढाल लहान असेल तर नोंदणी पुरते; २०११ च्या मूळ विनियमांत ती मर्यादा वर्षाला १२ लाख आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. सुटं दूध घरोघर विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. दूध सोसायटीचा सभासद होऊन तिथेच दूध घालत असाल तर नाही.

२६. नोटीस आलीच. आता?

पहिल्यांदा कलम वाचा. नोटीस बांधकामाची आहे, घाणीची आहे की परवान्याची, यावर उत्तर ठरतं. कलम लिहिलेलंच नसेल तर लेखी विचारा. उपविधीची प्रत माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा स्टॅम्प लावून मागता येते. मुदतीत उत्तर द्या, सोबत फोटो लावा आणि पोच घ्या. पोच नसलेलं उत्तर दिलंच नाही असं समजा, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं सांगतो आहे. प्रकरण तहसीलदारांसमोर गेलं तर ते बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली असतं. त्यात आधी सशर्त आदेश निघतो आणि तुम्हाला हजर राहून म्हणणं मांडता येतं.

माझ्या स्वतःवरही एकदा तक्रार झाली, कोंबड्यांचीच. तपासायला आलेला मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. खुराड्यात वाकला, नाकानं वास घेतला, म्हणाला, 'साहेब, वास नाही. पण ह्या सांडलेल्या कण्या बघा.' शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात उंदीर यायला लागले होते, आणि कोंबड्यांवर राग निघत होता. दुसऱ्या दिवशी कण्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा आणला. वहिनींकडे उंदीर यायचे थांबले, आमच्याकडे त्यांची वाटी परत यायला लागली. अर्ज निकाली निघायला मात्र पुढे चार महिने लागले.